ज्वारीवर येणारे जांभळ्या डोक्याचे पोपट कोणते?

प्रश्न (कन्नड तालुका)
आमचे शेत गौताळ्याच्या जंगलाला लागून आहे. ज्वारी हुरड्यात आली की पोपटांचे थवे उतरतात; मात्र यंदा नेहमीच्या पोपटांबरोबर अंगाने लहान असे काही पक्षी येत असून त्यांतील काहींचे डोके जांभळट लाल, तर काहींचे राखी आहे. या दोन जाती आहेत काय? की राखी डोक्याची ती पिल्ले समजावीत? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
जात एकच आहे. तो तुईया, म्हणजे जांभळ्या डोक्याचा पोपट होय. लालसर जांभळे डोके नराचे आणि निळसर राखी डोके मादीचे. पिल्लांचे डोके सुरुवातीला हिरवेच असते.

ओळखताना गळ्यातील कंठीवर विसंबू नये, असे माझे मत आहे. नेहमीच्या पोपटाच्या नरालाही काळी-गुलाबी कंठी असते, तीही वयाच्या दोन-तीन वर्षांनंतर पूर्ण उमटते आणि मादीला तर नसतेच. त्याऐवजी चोच पाहावी. नेहमीच्या पोपटाची वरची चोच लालभडक असते, तर तुईयाची पिवळसर. पक्षी उडाला की शेपूटही पाहावे, कारण तुईयाच्या शेपटीची मधली पिसे निळी असून त्यांची टोके पांढरी असतात. नराच्या खांद्यापाशी तांबडा डाग असतो. तसा डाग करण पोपटालाही असतो, पण तो पन्नास सेंटिमीटरांहून लांब आणि जाड चोचीचा असल्याने घोटाळा होण्याचे कारण नाही. तुईया शेपटीसह 36 सेंटिमीटरांच्या आसपास भरतो.

उत्तर २ (किनवट)
वरील माहितीत सवयींची थोडी भर घालतो. नेहमीचा पोपट गावात, बाजारपेठेतल्या पिंपळावर, जुन्या गढीच्या भोकांतही राहतो. तुईयाला मात्र झाडी लागते. आमच्याकडच्या सागाच्या जंगलात तो आधी ऐकू येतो आणि मग दिसतो, कारण त्याची ‘टुई’ अशी मंजुळ हाक नेहमीच्या पोपटाच्या कर्कश ओरडण्याहून अगदी निराळी असते आणि थवा झाडांमधून झपाट्याने वळणे घेत निघून जातो. पळस फुलला की जवळून पाहण्याची संधी मिळते: पक्षी फूल तोडतो, रस चाखतो, पाकळ्या कुरतडतो आणि उरलेले टाकून देतो, त्यामुळे झाडाखाली केशरी सडा पडतो. फळे, कळ्या आणि धान्य हेही त्याचे खाद्य आहे.

डिसेंबर ते एप्रिल हा त्याच्या विणीचा काळ असतो. झाडाच्या ढोलीत, बऱ्याचदा तांबट किंवा सुतार पक्ष्याने कोरलेल्या भोकात, मादी चार ते सहा पांढरी अंडी घालते. म्हणून बांधावरचे वठलेले झाड शक्यतो तोडू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. चोच पिवळीच आहे, आज खात्री केली. थव्याला हाकलण्याचा उपाय कोणता?

उत्तर ३
हुरड्याच्या दिवसांत सकाळी आणि सायंकाळी राखण करावी, चमकणाऱ्या फिती बांधाव्यात आणि त्यांची जागा अधूनमधून बदलावी, नाहीतर पोपट त्यांना सरावतात. जाळे लावून पक्षी पकडू नयेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, मग तो तुईया असो वा नेहमीचा.