पावसाळ्यात झाडं कशी सांभाळता? आपापले अनुभव सांगा

सुरुवात मीच करते. ठाणे, गॅलरीत 22 कुंड्या. मृग लागला की सगळे रोपं आणायला धावतात, पण ती चार महिने टिकवायची कशी हे कोणी सांगत नाही. गेल्या जुलैत माझी दोन ॲडेनियम (जाड बुंध्याची फुलझाडं) गेली, वरून पानं हिरवीगार आणि बुंधा दाबला तर बोट आत! उपसून बघितलं तर तळाचं भोक मुळांनी बुजलेलं, त्यात मी हौसेने कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरपूर घातलेलं, म्हणजे स्पंजच. आता मे संपता संपता प्रत्येक भोकात काडी घालून बघते, खालच्या ताटल्या काढून टाकते (डासांच्या अळ्या होतात), आणि ॲडेनियम सरळ घरात, टीव्हीशेजारी.

रत्नागिरी: इथे जून ते सप्टेंबर 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कुंड्यांचं काय घेऊन बसलात :) आई पहिल्या पावसाआधी झाडांभोवतीची पाण्यासाठी केलेली उन्हाळ्यातली आळी मोडते आणि बुंध्याशी माती चढवते, पाणी धरायचं नाही, घालवायचं. पागोळीखाली अळू सोडून काही लावू देत नाही, धारेने मुळं उघडी पडतात ना. पडवळ, काकडी मृगात पेरायची, कारण ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, परसातलंच लागतं.

डोंबिवली: गोगलगायींबद्दल कोणीच कसं बोललं नाही? मी शहाणपणा करून कुंडीतच मीठ टाकलं, गोगलगायी मेल्या, झेंडूही मेला. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी पसर. सकाळी उलटलं तर खाली ही जत्रा! हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत. मीठ बादलीत, कुंडीत नाही.

फोंडा: आमचं घरामागे छोटं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. माडीला (सुपारीच्या झाडाला) कोळेरोग लागला की कोवळ्या सुपाऱ्या सडून खाली सडा पडतो, म्हणून बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारायचं, 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद 1 किलो चुना, दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या पिंपात भिजवून मग एकत्र. लोखंडी कोयता बुडवून बघायचा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. पहिली फवारणी पावसाआधी, दुसरी 40-45 दिवसांनी. हे सगळं पाठ आहे हो, पण उघडीप मिळते त्या दिवशी नेमका पाडेली (झाडावर चढणारा गडी) मिळत नाही, आणि पाडेली येतो त्या दिवशी धो धो. गेल्या वर्षी दुसरी फवारणी राहिली ती राहिलीच, अर्धं पीक गेलं.

पुणे: आमच्याकडे एवढा पाऊस नाही तरी घोळ घातला. गुलाब जुलैत छाटला, कापलेली टोकं वरून काळी पडत खाली उतरली. आता ऑक्टोबरशिवाय कात्री हातात घेत नाही.

ठाणे: मीठ वाचून खूप हसले, मीही टाकलेलं :) गोणपाट आजच शोधते.