चवथीच्या सुट्टीत भाच्याला जुनी डब्ल्यूडब्ल्यूएफ दाखवायची आहे : सुरुवात कोणत्या कुस्तीने करावी?

साखळीकर

मंडळी, एक नेमका सल्ला हवा आहे. येत्या चवथीला बहीण मुलाला घेऊन पाच दिवस घरी येणार आहे. भाचा बारा वर्षांचा, डब्ल्यूडब्ल्यूई (म्हणजे पूर्वीची डब्ल्यूडब्ल्यूएफ, अमेरिकेतली कुस्तीची कंपनी) मधल्या रोमन रेन्स या मल्लाचा कट्टर भक्त, आणि त्याचे ठाम मत असे की मामाच्या काळातले मल्ल जाडे, संथ आणि विनोदी कपडे घालणारे होते. (कपड्यांपुरते त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले.) दुसरीकडे माझे वडील आहेत. साठच्या दशकात मुंबईला नोकरी करताना त्यांनी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये तिकीट काढून दारासिंगांची फ्री-स्टाईल कुस्ती पाहिली होती, आणि त्यानंतर जगात जे काही झाले ती सगळी नुरा कुस्ती, असे ते आजही जेवताना सांगतात.

माझा काळ या दोघांच्या मधला, म्हणजे साधारण 1992 ते 1998. शेजारच्या घरातला थोरला मुलगा बोटीवर होता आणि त्याने आणलेल्या व्हीसीआरवर आम्ही दहा-बारा मुले जमिनीवर बसून कॅसेटी पाहत असू. दिवेलागणीला त्याची आजी देवापुढे बसली की टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करावा लागे. तसेही मराठी शाळेतल्या आम्हा मुलांना ते अमेरिकन इंग्रजी कळत नव्हतेच, पण कोणावर अन्याय झाला, कोणाची पाठ दुखावली आहे आणि कोण आता दगा देणार, हे आम्हाला आवाजाशिवायही अचूक समजत असे. म्हणून माझी अट अशी की आवाज बंद करूनही कळतील अशाच चार-पाच कुस्त्या सुचवाव्यात. वडील समोर बसलेले असतील, हेही कृपया लक्षात ठेवावे.

रातांबा

तुमच्या अटीत तंतोतंत बसणारी कुस्ती एकच आहे आणि ती म्हणजे ब्रेट हार्ट विरुद्ध ओवेन हार्ट, रेसलमेनिया दहा (कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम), 20 मार्च 1994, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बाकीच्या चार तुम्ही चिठ्ठ्या टाकून निवडल्या तरी चालतील.

कारण असे की ही भावाभावांची गोष्ट आहे आणि ती कोणत्याही वाड्यातल्या माणसाला सांगावी लागत नाही. कॅलगरीच्या स्टू हार्ट यांना बारा मुले, त्यांत ओवेन सर्वांत धाकटा. थोरल्या भावाच्या सावलीत वाढल्याचा त्याचा राग त्या कुस्तीत पहिल्या मिनिटापासून दिसतो. थोरल्याच्या एखाद्या डावातून सफाईने सुटला की ओवेन असा काही हात उंचावतो की जणू कुस्ती जिंकलीच. ब्रेट मात्र पहिला बराच वेळ हात राखून खेळतो, आणि धाकट्याला ते राखणेच अधिक झोंबते. शेवटी ब्रेट खांद्यावरून उडी घेऊन त्याला गुंडाळायला जातो, ओवेन खाली बसून त्यालाच दाबून धरतो आणि तीनपर्यंत मोजून होते. त्यात ना खुर्ची, ना बाहेरच्याची मदत. धाकटा चक्क जिंकतो.

पण टीव्ही तिथे बंद करू नका. त्याच रात्री शेवटच्या कुस्तीत ब्रेट योकोझुनाला हरवून अजिंक्यपद मिळवतो, बाकीचे मल्ल त्याला खांद्यावर घेतात आणि ओवेन वाटेत उभा राहून नुसता पाहत राहतो. त्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो तेव्हा भाच्याकडे बघा. योकोझुनाबद्दल त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा : जपानी सुमो म्हणून मिरवलेला हा माणूस मुळात सामोअन वंशाचा अमेरिकन होता आणि रोमन रेन्सच्याच अनोआई घराण्यातला होता.

फोंडेकर_जुना

रातांबा यांच्याशी सहमत आहे, पण सुरुवात रेसलमेनिया तीनपासून व्हावी असे मला वाटते. 29 मार्च 1987, पॉन्टिअ‍ॅक सिल्व्हरडोम, कंपनीने जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा 93,173. सर्वांना आठवते ती हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची कुस्ती, परंतु खरे सांगायचे तर ती कुस्ती म्हणून फार जड आहे. आंद्रेच्या पाठीवर काही महिन्यांपूर्वीच शस्त्रक्रिया झाली होती आणि कपड्याखाली आधाराचा पट्टा बांधून तो उभा होता. ही एक गोष्ट माहीत असली की त्याचा संथपणा संथपणा राहत नाही. त्याला चालताना आणि दोऱ्यांना धरताना पाहिले की अंगावर काटा येतो. होगनने त्याला उचलून आपटले तो क्षण तेवढा दाखवा. (त्याला त्याआधी कोणीच उचलले नव्हते ही मात्र जाहिरात होती, खुद्द होगननेच 1980 साली शिया स्टेडियममध्ये त्याला उचलले होते.)

त्याच कार्यक्रमातली पूर्ण दाखवण्यासारखी कुस्ती रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची. पंधरा मिनिटांच्याही आतली, पण एकदाही उसंत नाही. सॅव्हेजने एकेक हालचाल आधी लिहून काढली होती आणि दोघे एकमेकांची तोंडी परीक्षा घेत, असे स्टीमबोटने पुढे अनेकदा सांगितले आहे. जुने मल्ल संथ होते या तुमच्या भाच्याच्या आरोपाला एवढे उत्तर पुरेसे आहे. आमच्याकडे ही कॅसेट म्हापशाच्या बाजारातून आली होती आणि मध्येच पाच मिनिटे कोणाच्या तरी लग्नाचे चित्रण होते. कितीतरी वर्षे स्टीमबोट नेमका कसा जिंकला हे मला त्यामुळे माहीतच नव्हते.

तिसऱ्या_बाकावरचा

कुस्त्यांआधी मल्लांची चित्रे आणि आकडे छापलेली ट्रम्प कार्डे काढा! उंची, वजन, छाती, दंड आणि रँक यांवर आमचे मधल्या सुट्टीचे सगळे व्यवहार चालत. उंचीला जायंट गोन्झालेझ आणि वजनाला योकोझुना ज्याच्या हाती, त्याच्याशी सर्वजण गोड बोलत. भाच्याला त्या मल्लांची नावे आणि शरीरे आधी कार्डांवरून पाठ झाली की पुढचे काम निम्मे होईल.

अंडरटेकर वगळून हा विषय पुरा होणार नाही. नोव्हेंबर 1990 च्या सर्व्हायव्हर सिरीजमधले त्याचे पहिले आगमन दाखवा. तो फारसे काही करत नाही, केवळ चालतो आणि मार लागल्यावर दुखल्याचे दाखवत नाही, पण समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून सगळे कळते. त्याच्यासोबत अस्थिकलश घेऊन येणारा पॉल बेअरर पुढे आला; तो खऱ्या आयुष्यातही अंत्यसंस्कारांच्या व्यवसायाचे शिक्षण घेतलेला माणूस होता. आमच्या वाड्यावर एका दिवाळीत नरकासुरालाच काळी टोपी आणि लांब कोट घातला होता, आणि पहाटे त्याला जाळायची वेळ आली तेव्हा दोन मुले रडली. अंडरटेकर सात वेळा मरून परत आला आहे यावर आमचा पूर्ण विश्वास होता. 1996 च्या हिंदी चित्रपटात अक्षयकुमारने ज्याला लोळवले तो खरा अंडरटेकर नव्हता, ब्रायन ली नावाचा दुसराच मल्ल होता, हे कळायला मला कॉलेज उजाडावे लागले.

घुमटवाला

आवाज बंद करण्याची अट मला पटत नाही. अंडरटेकरची घंटा वाजली नाही तर तो लांब कोट घातलेला एक उंच माणूस उरतो. तसेच 1992 च्या रॉयल रंबलमध्ये (तीस मल्ल एकामागून एक येतात, शेवटी उरेल तो जिंकतो) रिक फ्लेअर तिसऱ्या क्रमांकाने रिंगणात येतो आणि सुमारे तासभर टिकून रिकामे अजिंक्यपद जिंकतो, त्यातली अर्धी गंमत बॉबी हीनन याच्या समालोचनात आहे. तो फ्लेअरचा इतका पक्षपाती की दर दोन मिनिटांनी त्याचा जीव जातो. बारा वर्षांच्या मुलाला आज इंग्रजी कळते. त्याला आपल्या लहानपणाच्या अडचणी कशाला?

पेडण्याची_माहेरवाशीण

मी थोडे वेगळे सांगते, कारण वर कोणीच काय दाखवू नये हे लिहिलेले नाही. 28 जून 1998 ची ती पिंजऱ्याची कुस्ती, ज्यात अंडरटेकरने मॅनकाइंडला सोळा फूट उंचीवरून खाली टेबलावर फेकले, ती या मुलाला आत्ता दाखवू नका. मार्च 1997 ची ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन ही माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ कुस्ती आहे. ऑस्टिन रक्ताने माखलेला असूनही शरण जात नाही, शेवटी शुद्ध हरपते, आणि तेवढ्या वेळात नायकाचा खलनायक आणि खलनायकाचा नायक होतो. तरीही ती दोन-तीन वर्षे थांबू शकते. माझ्या भावाने सॅव्हेजसारखी कोपराची उडी भाताच्या उडवीवरून मारली होती. त्याचे गळपट्टीचे हाड आजही हाताला वर आलेले लागते.

खरे-खोटे काय ते त्याला आधीच माहीत असेल, त्याची चर्चा करू नका. मी लहानपणी आजीला विचारले होते की हे सगळे ठरवून करतात का. ती दशावतार पाहण्यासाठी रात्रभर जागणारी बाई. तिने उलट विचारले, “संकासुर दरवर्षी मरतो ते काय कोणाला ठाऊक नसते?” आणि पुन्हा टीव्हीकडे वळली. तिला योकोझुनाचा मनापासून राग होता.

मात्र ओवेन हार्टची कुस्ती दाखवणार असाल तर तो 23 मे 1999 रोजी कॅन्सस सिटीत, रिंगणात वरून उतरताना पडून मरण पावला, हे मुलाला नंतर शांतपणे सांगा. ते त्याला कोणत्या तरी व्हिडिओतून कळू नये. आणि वडिलांसाठी दारासिंग आणि त्यांचा अवजड प्रतिस्पर्धी मल्ल किंगकाँग यांच्या उपलब्ध फिती आधी लावा. 1968 साली मुंबईत दारासिंगांनी अमेरिकन मल्ल लू थेझला हरवले त्याची आठवण त्यांनाच सांगू द्या. पहिला मान त्यांना मिळाला की ते पुढचे सगळे बघतील.

रातांबा

माहेरवाशीण यांचा शेवटचा सल्ला माझ्या यादीपेक्षा शहाणपणाचा आहे. शोधायचे असल्यास यूट्यूबवर कंपनीचीच व्हॉल्ट नावाची वाहिनी आहे, तिथे अनेक जुन्या कुस्त्या पूर्ण आणि स्वच्छ चित्रात मिळतात. इतरत्र चढवलेल्या फितींमध्ये कडा कापलेल्या असतात.

साखळीकर

सर्वांचे आभार. विसर्जन झाले, पाहुणे गेले, म्हणून वृत्तांत देतो.

पहिल्या संध्याकाळी दारासिंग लावले. वडिलांनी किंगकाँगच्या वजनावर अर्धा तास घेतला आणि भाचा शिस्तीत ऐकत राहिला. सॅव्हेज-स्टीमबोट त्याने दोनदा पाहिली आणि “मामा, हे तर आत्ताचेच वाटते” असे म्हणाला. घंटा ऐकवली, घुमटवाला यांचे म्हणणे बरोबर ठरले. ब्रेट आणि ओवेनची कुस्ती मात्र मी आवाज बंद करून लावली, कारण आत माटोळीखाली (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीखाली) आरती चालू होती. ओवेन वाटेत उभा राहिला तेव्हा राजांगणात (घराच्या मधल्या चौकात) कोणी बोलले नाही. मग वडील, जे स्वतः सर्वांत धाकटे आहेत, म्हणाले की चूक थोरल्याचीच आहे, आणि भाच्याने ते मान्य केले. माझे मत कोणी विचारले नाही. ओवेनचे पुढे काय झाले ते दुसऱ्या दिवशी नदीवर जाताना सांगितले. तो बराच वेळ गप्प होता.

जाताना त्याने माळ्यावरचा ट्रम्प कार्डांचा संच मागून घेतला. त्यातला जायंट गोन्झालेझ सातवीत असतानाच कोणीतरी उचलला होता, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.