मदत हवी आहे: मराठी सारांशात तिवरांचं क्षेत्रच नाही, काय करावं?

उपनगरातल्या खाडीलगतच्या एका प्रकल्पाची पर्यावरण जनसुनावणी लागलीय. इंग्रजी मसुदा अहवालात बाधित तिवरांचं क्षेत्र दिलंय, मराठी सारांशात ते गायब! सुनावणीला येणारे कोळीवाड्यातले लोक सारांशच वाचणार, म्हणून हे गंभीर आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन (EIA) अधिसूचनेनुसार किमान ३० दिवसांची नोटीस आणि स्थानिक भाषेतला सारांश सक्तीचा. पण तारीख पुढे ढकलायला आणीबाणीची परिस्थिती आणि जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस लागते. मग दुरुस्त सारांश व नवी नोटीस आत्ताच लेखी मागावी, की हरकत सुनावणीत नोंदवून शेवटी इतिवृत्त वाचताना ती आलीय का ते तपासावं? याच मुद्द्यावर फेरसुनावणी देणारा राष्ट्रीय हरित लवादाचा (पर्यावरणविषयक न्यायाधिकरण, NGT) आदेश असल्यास कृपया अपील क्रमांक कळवा. लवादात अपिलाची मूळ मुदत ३० दिवसांचीच, कागद आधीच तयार हवेत.