वरातीमागून घोडं: फ्रेड थॉम्पसनमुळे माइक हकाबी पडले का?

काथ्याकूट (धागालेखक)

२००८ च्या रिपब्लिकन प्रायमरीचा (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांत मत घेऊन ठरवण्याचा) विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: दक्षिण कॅरोलायनात थॉम्पसन नसते तर हकाबी जिंकले असते. १९ जानेवारीचा निकाल असा होता: मॅकेन ३३ टक्के, हकाबी ३०, थॉम्पसन १६ च्या किंचित आत, रोम्नी १५. हकाबी हे आर्कान्सॉचे माजी गव्हर्नर आणि एकेकाळचे पाद्री, थॉम्पसन हे टेनेसीचे माजी सिनेटर. बाकीचे सहा-आठ महिने गावोगाव फिरत असताना हे ५ सप्टेंबर २००७ ला रिंगणात उतरले आणि २२ जानेवारीला बाहेरही पडले.

थॉम्पसननी हकाबींचं नुकसान केलं हे मला मान्य आहे. फक्त सगळे ते मतमोजणीच्या रात्री शोधतात. ते त्याआधी सात महिने सुरू झालं होतं.

थॉम्पसननी जून २००७ मध्येच चाचपणीसाठी समिती काढली होती. अमेरिकी कायद्यात ही एक सोयीस्कर पळवाट आहे. 'मी अजून ठरवलेलं नाही' असं म्हणत देणग्या घेता येतात (तेव्हा माणशी २,३०० डॉलरपर्यंत) आणि अधिकृत उमेदवार होईपर्यंत हिशेब जाहीर करावा लागत नाही. वर त्यांनी सरकारी वकील रंगवलेल्या टीव्ही मालिकेचे भाग एनबीसी वाहिनीवर दिसत होते. उमेदवारी जाहीर केली की प्रतिस्पर्ध्यांना तेवढाच वेळ देण्याचा नियम लागू होतो. शेवटी एनबीसीने सप्टेंबरपासून त्यांचे जुने भाग दाखवणं बंद केलं. म्हणजे उशीर करण्यात फायदा होता.

तो उन्हाळाभर दक्षिणेतला धार्मिक, गर्भपातविरोधी देणगीदार हात राखून बसला होता, 'आपला माणूस येतोय' म्हणून. ११ ऑगस्टला आयोवातल्या एम्सच्या चाचणी मतदानात (तिथे ३५ डॉलरचं तिकीट काढून मत द्यायचं असे, आणि ती तिकिटं बहुधा उमेदवारच वाटत) खिशात दमडी नसलेले हकाबी १८ टक्क्यांनी दुसरे आले. एरवी अशा निकालानंतर पैशांचा ओघ सुरू होतो. पण जुलै-सप्टेंबर तिमाहीत त्यांच्याकडे जमले जेमतेम १० लाख डॉलर. त्याच तिमाहीत थॉम्पसनकडे ९० लाखांच्या वर.

मग १३ नोव्हेंबरला 'नॅशनल राइट टू लाइफ' या सर्वांत मोठ्या गर्भपातविरोधी संघटनेने पाठिंबा दिला तो थॉम्पसनना. गर्भपातबंदीची घटनादुरुस्ती हकाबींना हवी होती, थॉम्पसनना नव्हती, तरीही!

सांख्यिक

लेख चांगला आहे, पण ज्या वाक्याने सुरुवात केलीत ते तरी तपासा. मॅकेन आणि हकाबी यांच्यात साधारण १४,७०० मतांचा फरक होता. थॉम्पसनची मतं जवळपास ७०,०००. म्हणजे थॉम्पसनच्या दर १०० मतांमागे हकाबींना मॅकेनपेक्षा किमान २१ मतं जास्त मिळायला हवी होती.

समजा ५० हकाबींना, २५ मॅकेनना, २५ रोम्नींना गेली. आघाडी २५ ची, म्हणजे १७,५०० मतं. हकाबी जिंकले. आता ४०, २५, ३५ अशी वाटणी धरा. आघाडी १५ ची, १०,५०० मतं. हकाबी हरले. आणि खरी गोची पुढे आहे: आपला उमेदवार नसेल तर काही लोक मतदानालाच जात नाहीत. १०० पैकी १५ घरी बसले आणि उरलेले ४२ हकाबी, २२ मॅकेन, २१ रोम्नी असे गेले, तर १४,००० ची भर पडते आणि हकाबी ७०० मतांनी पडतात.

त्यामुळे 'थॉम्पसन नसते तर जिंकलेच असते' हे छातीठोकपणे म्हणता येत नाही. 'सॅम ब्राउनबॅकचे मतदार कुठे गेले?' हा प्रश्नही विचारा. हकाबींच्याच पंगतीतला हा धार्मिक उमेदवार ऑक्टोबरात बाहेर पडला आणि त्याने पाठिंबा दिला मॅकेनना.

खडूस_पुणेकर

मी तर उलटंच म्हणेन. थॉम्पसन ही हकाबींना लागलेली लॉटरी होती.

सप्टेंबरपर्यंत त्या जागेवर बसायला जुलियानी नको, रोम्नी नको, मॅकेन नको, अशी धार्मिक मतदारांची अवस्था होती. थॉम्पसननी ती जागा अडवली हे खरं. पण ती त्यांनी गरम केली नाही. घोषणा केली ती रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात, आणि त्याच रात्री न्यू हॅम्पशायरमध्ये बाकीचे वादसभेत घाम गाळत होते. पुढे प्रचारही दुपारची झोप काढून आल्यासारखा. एखादा मेहनती, तरुण गव्हर्नर त्या जागी आला असता तर? त्याने हकाबींना आयोवात, म्हणजे पहिल्याच राज्यात, डोकं वर काढू दिलं नसतं. नोव्हेंबर-डिसेंबरात लोक थॉम्पसनवरून उठले आणि हकाबींकडे गेले. ३ जानेवारीला आयोवात हकाबी ३४, रोम्नी २५, थॉम्पसन १३. आळशी पाहुणा परवडतो, राव.

काथ्याकूट

@सांख्यिक, आकडेमोड मान्य, मूळ वाक्य मी मागे घेतो. पण तुमच्या गणितात थॉम्पसन म्हणजे फक्त ७०,००० मतं. १० जानेवारीची मर्टल बीचची वादसभा त्यात कुठे बसते? आयोवा जिंकलेले हकाबी तिथे आले आणि त्यांच्यावर तुटून पडले ते थॉम्पसन: आर्थिक धोरणं उदारमतवादी, परराष्ट्र धोरण उदारमतवादी. 'उदारमतवादी' ही त्या मतदारांपुढे शिवीच. मॅकेनना तोंड उघडावं लागलं नाही. तोच आरोप मॅकेननी केला असता तर लोकांनी कानाआड केला असता. आपल्याच आळीतल्या माणसाने केला म्हणून तो लागला. यात हकाबींची मतं थॉम्पसनकडे गेली नसतील, थेट मॅकेनकडे गेली असतील. ते १६ टक्क्यांत दिसणार नाही.

@खडूस_पुणेकर, आळशी पाहुणा परवडतो, पण पंगतीतला पाट रिकामा होईपर्यंत ऑक्टोबर सरला होता. आयोवा जिंकल्यावर हकाबींकडे पुढच्या राज्यांत ना कार्यालयं होती ना टेलिफोन करणारी माणसं. ती पाच दिवसांत उभी राहत नाहीत.

सांख्यिक

मग त्यांनी मिशिगनला का धाव घेतली? १५ जानेवारीला तिथे १६ टक्के मिळवून तिसरे आले. ते दिवस ग्रीनव्हिल आणि स्पार्टनबर्ग या बालेकिल्ल्यात घालवायला हवे होते. दक्षिण कॅरोलायनात धार्मिक मतदारांत हकाबी पुढे होतेच. त्यांच्याबाहेरचा मतदार, चार्ल्सटनच्या किनाऱ्यावरचे निवृत्त सैनिक वगैरे, तो मॅकेनचा. हकाबींची अडचण त्यांचा परीघ ही होती, थॉम्पसन नव्हे. पुरावा हवा तर ५ फेब्रुवारीचं मिसुरी बघा. थॉम्पसन केव्हाच घरी गेले होते, तरी मॅकेन ३३, हकाबी जवळपास ३२, रोम्नी २९. आणि पहिल्याला सगळं या नियमाने ५८ च्या ५८ प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे) मॅकेनचे.

जुनी_मतपेटी

उशिरा येणारा किती हानी करतो हे पाहायचं तर १९६८ घ्या. थॉम्पसन त्यापुढे किरकोळ.

मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी नोव्हेंबर १९६७ मध्ये आपल्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष जॉन्सन यांच्याविरुद्ध, व्हिएतनाम युद्धावरून, उभे राहिले. युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी आधी रॉबर्ट केनेडींना विचारलं होतं, ते नको म्हणाले. १२ मार्च १९६८ ला न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थींनी ४२ टक्के मतं घेतली. जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतंच, ते लोकांनी हाताने लिहिलं, तरी त्यांना ४९ च्या पुढे. प्रतिनिधी मात्र २४ पैकी २० मॅकार्थींचे, कारण जॉन्सनसमर्थकांनी जागांपेक्षा जास्त उमेदवार उभे करून आपलीच मतं फोडली. चार दिवसांनी केनेडींनी उमेदवारी जाहीर केली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

पुढे दोघं एकमेकांना खात बसले. इंडियाना आणि नेब्रास्का केनेडींना, ओरेगन मॅकार्थींना, कॅलिफोर्निया ४६ विरुद्ध ४२ ने केनेडींना. आणि त्याच रात्री केनेडींवर जीवघेणा गोळीबार.

पण खरा उशिरा आलेला उमेदवार तिसराच, उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री. २७ एप्रिलला आले, प्रायमरीच्या वाट्यालाच गेले नाहीत. तेव्हा बहुतेक राज्यांत प्रतिनिधी पक्षाचे स्थानिक पुढारी ठरवत. पेनसिल्व्हेनियात मॅकार्थींना ७२ टक्के मतं, पण तिथले बहुतांश प्रतिनिधी शिकागोच्या अधिवेशनात हम्फ्रींमागे उभे राहिले. शेवटी हम्फ्री १,७५० च्या वर, मॅकार्थी ६०१.

अटकेपार

१९६८ वरूनच एक व्यावहारिक मुद्दा. 'उशीर' कॅलेंडरवर मोजू नका, अर्ज भरायच्या मुदतीवर मोजा. केनेडी १६ मार्चला आले तेव्हा विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्सच्या मुदती टळल्या होत्या. ज्या मॅसॅच्युसेट्सात केनेडी घराण्याचा शब्द चालायचा, तिथल्या मतपत्रिकेवर एकटे मॅकार्थी! केनेडींना लोकांनी हाताने नाव लिहून २८ टक्के दिले. उलट ओरेगनच्या कायद्याने सगळ्या चर्चेतल्या उमेदवारांची नावं राज्य सरकारच छापायचं, त्यामुळे केनेडींना तो सामना टाळायची सोय नव्हती, आणि तिथेच ते हरले.

म्हणून दुबळ्या उमेदवाराचं पहिलं काम: प्रत्येक राज्याची मुदत, सह्यांची संख्या, प्रतिनिधींची यादी भरली का, हे तक्त्यात मांडणं. त्या बाबतीत थॉम्पसनना सप्टेंबरात कसलाच उशीर झाला नव्हता. आपल्याकडचा बंडखोर अर्ज मागे घेण्याच्या दिवसापर्यंत समजावता येतो. तिथे माघार घेतली तरी छापलेलं नाव राहतं. थॉम्पसनना २९ जानेवारीला फ्लोरिडात तरीही टक्काभर मतं पडली.

काथ्याकूट

@अटकेपार, हे पटलं. यात मोजणीची पद्धतही घाला. आयोवात रिपब्लिकन मतदार चिठ्ठीवर एकदाच नाव लिहून टाकतो. डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये (मतदारांच्या स्थानिक सभेत) तेव्हा १५ टक्क्यांखालच्या गटाला उठून दुसरीकडे जाता यायचं, इथे तशी सोय नाही. दक्षिण कॅरोलायनातही एकच फेरी.

खडूस_पुणेकर

दुसरी फेरी झाली ती पश्चिम व्हर्जिनियातल्या पक्षाच्या अधिवेशनात, ५ फेब्रुवारीला. पहिल्या फेरीत रोम्नी ४१, हकाबी ३३, मॅकेन १६. दुसऱ्या फेरीत मॅकेनच्या माणसांनी रोम्नींना पाडायला हकाबींना मतं दिली आणि हकाबी ५१ टक्क्यांच्या वर जाऊन जिंकले. धागालेखक, ती मतं धार्मिक विचारांची होती असं म्हणणार का आता?

सांख्यिक

तेच तर. माझ्या तक्त्यात मॅकेनच्या रकान्याला नेहमी थॉम्पसनची २२ ते २५ मतं धरली आहेत. मॅकेनना पाडायचं म्हणून हकाबींकडे किती जातील, याचा रकाना त्यात नाहीच. तो भरून द्या, मग ७०० चं काय होतं ते बघू.