प्रतिसाद: चॅनल नुसता बारीक करून भागत नाही
दादा, चिप थंड ठेवणाऱ्या हीट सिंकबद्दल (ज्याच्या बारीक खाचांतून, म्हणजे चॅनलांतून, पाणी फिरवून उष्णता काढतात) 'चॅनल जितका बारीक तितका हीट सिंक चांगला' हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. इतक्या बारीक वाटेत प्रवाह बहुधा लॅमिनार (भोवरे नसलेला, थराथरांचा) असतो आणि रुंदी-खोलीचं प्रमाण तेच असेल तर नसेल्ट अंक (वाहत्या पाण्यामुळे उष्णता नुसत्या वहनापेक्षा किती पट जाते ते सांगणारा आकडा) जवळपास स्थिर राहतो, म्हणून रुंदी निम्मी केली की उष्णता-संक्रमण गुणांक (भिंतीतून पाण्यात उष्णता किती सहज जाते त्याचं माप) दुप्पट होतो. पण पाण्याचा वेग तोच ठेवला तरी दाबातली घट चौपट होते. तेवढा पंप कुठून आणणार?

त्यापेक्षा आकार बघा. चारही भिंती तापत असतील आणि लांबीभर सारखी उष्णता येत असेल तर चौरस चॅनलला नसेल्ट अंक ३.६ च्या आसपास, रुंदीच्या आठपट खोल चॅनलला ६.५ च्या आसपास. टकरमन आणि पीज या संशोधकांनी १९८१ मध्ये सिलिकॉनमध्ये ५० मायक्रॉन रुंद, ३०० मायक्रॉन खोल चॅनल कोरले आणि दर चौरस सेंटीमीटरला ७९० वॅट उष्णता काढून दाखवली. मात्र दोन चॅनलांमधली भिंत फार पातळ झाली तर उष्णता तिच्या टोकापर्यंत पोचतच नाही.

आणि पाणी शिरण्याचं तोंड! याच्याकडे कुणीच बघत नाही. आमच्या आगरात पाटाचं पाणी सोडलं की तोंडाजवळच्या माडांची आळी तुडुंब भरतात, कुंपणाकडची पोफळ कोरडीच. हेडर (सगळ्या चॅनलांना पाणी वाटणारी मुख्य वाट) अरुंद असला की चॅनलांचंही तेच होतं, आणि कमी पाणी मिळालेल्या चॅनलाखालीच चिप तापते.

शिवाय गाळ. खाडीतून आलेल्या होडीच्या इंजिनाचा कूलर उघडला की नळ्यांत चिखल आणि क्षार बसलेले दिसतात, आणि त्या नळ्या तर बोटभर जाड. ५० मायक्रॉनच्या वाटेला गाळलेलं, क्षारमुक्त पाणीच हवं.