फ्लॉवरचा गिचका होऊ नये म्हणून
फ्लॉवरच्या भाजीचा गिचका होतो आणि घरभर वास सुटतो, असं का होतं? दोन्हीचं कारण बहुतेक एकच, जास्त शिजणं. फ्लॉवरमध्ये गंधकयुक्त घटक असतात. जितका वेळ शिजवाल तितका तो वास वाढतो.

अळ्यांसाठी तुरे कोमट मिठाच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवा, पण नंतर चाळणीत पूर्ण निथळू द्या. ओले तुरे परतले जात नाहीत, उकडतात. हिंग-मोहरी-हळदीच्या फोडणीवर मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परता. मीठ शेवटी. बटाटा घालणार असाल तर तो आधी अर्धा शिजवून घ्या.

आणि कोवळे देठ कृपा करून टाकू नका! सोलून, बारीक चिरून, भिजवलेल्या मूगडाळीबरोबर त्यांची फार चवदार भाजी होते.