मरीन टँकमधे अनोळखी किडा दिसला की लगेच मारायचा का? माझं मत: आधी ओळखा

खडकातला_जीव (छ. संभाजीनगर)
आपल्या मराठवाड्यात मरीन टँक (समुद्री पाण्याचा मासेटँक) ठेवणारे वाढायलेत, बरं वाटतं, पण एक गोष्ट लई खटकते म्हणून लिहायलो. लाइव्ह रॉक (जीवजंतू असलेला समुद्री दगड) नाहीतर कोरलचा (प्रवाळाचा) तुकडा आणला की त्याच्यासोबत बारीक बारीक जीव येतातच, रात्री टॉर्च मारला की काचेवर काहीतरी पळतं, माणूस घाबरून दुकानदाराला फोन लावतो आणि तिकडून उत्तर येतं कॉपरचं (तांब्याचं) औषध टाका. हे थांबलं पाहिजे. कॉपरने तेवढा किडाच मरत नाही, झिंगे, गोगलगायी, कोरल सगळं जातं, वर ते दगडात मुरतं आणि पुढं हळूहळू पाण्यात सुटत राहतं.

आधी बघा तरी काय आहे ते. काचेवर मिलिमीटरभर पांढरे ठिपके झटके देत सरकत असतील तर ते कोपेपॉड, मँडरिन मासा त्यांच्यावरच जगतो. दोन्ही कुशींनी चेपलेला, पाठीत वाकलेला, आडवा होऊन पोहणारा तो अँफिपॉड. घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात तसलं भिंग घ्या, टॉर्चला लाल कागद लावा आणि निवांत बसा. लाल उजेडात हे जीव पटकन लपत नाहीत, पाय नि मिशासुद्धा दिसतात.

बीडकर_रीफ
दादा, ऐकायला चांगलंय पण मला पटत नाही. सगळेच काही कोपेपॉड नसतात. सिरोलॅनिड आयसोपॉड, तो कवचवाला बारका किडा, आला तर? तो रात्री माशाला चिकटतो, रक्त पितो, आणि पिल्लं पोटाखालच्या पिशवीतच वाढवतो म्हणून एकदा आला की टँकमधेच वाढत जातो. तुम्ही भिंग लावून बसा, तोवर क्लाऊनफिश गेला. आपल्याकडं मासा मुंबईहून यायचा म्हणजे पार्सलचा खर्च, उन्हाळ्यात तर पिशवीतच अर्धे मरतात. माझं स्पष्ट मत, कोरडा दगड वापरा, बाटलीतले बॅक्टेरिया टाका, अनोळखी जीव आत येऊच द्यायचा नाही.

खडकातला_जीव
भाऊ, सिरोलॅनिडचं एकदम बरोबर, तिथं दयामाया नाही. पण तो तरी ओळखल्याशिवाय कळणार कसा? आयसोपॉड वरून खाली चेपलेला असतो, अँफिपॉडसारखा कुशीवर नाही. त्यातही डोळे मोठे, पोहायला एकदम वेगवान आणि माशाच्या अंगावर बसलेला दिसला तर तो शत्रू. मुननिड जातीचे आयसोपॉड पण असतात, एवढुशे, लांब पायांचे, ते काचेवरचं शेवाळ खातात, कुणाला काही करत नाहीत. दोघांना एकच शिक्षा का?

लातूरची_मत्स्यप्रेमी
मी दादांच्या बाजूने. आणि कोरड्या दगडाचं पण खरं सांगा की ओ, त्यात जीवच नसतात म्हणून सुरुवातीला कित्येक महिने तपकिरी थर, मग डायनोफ्लॅजेलेट (चिकट थर करणारे सूक्ष्मजीव), लोक कंटाळून टँक विकून टाकतात. शिवाय पहिला कोरलचा तुकडा आणला की पाहुणे आलेच, त्यामुळे दार कायमचं बंद होतच नाही.

ब्रिसलवर्मचंही (केसाळ समुद्री किड्याचंही) तसंच. गोमीसारखा दिसतो म्हणून लोक किळस करतात, पण तो दगडाच्या फटीत मेलेली गोगलगाय, उरलेलं खाणं संपवतो. आपल्याकडं मे महिन्यात लाईट जाते, पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, अशात तुम्ही औषध टाकून दगडातले सगळे किडे एकदम मारले तर ते आतच कुजून अमोनिया वाढणार आणि ज्या माशासाठी हे केलं तोच जाणार. फक्त उघड्या हाताने धरू नका, केस टोचले तर चिकटपट्टी लावून ओढून काढा.

बीडकर_रीफ
ताई, ब्रिसलवर्म मी पण ठेवतो, ते सोडा. अ‍ॅप्टेशियाचं, त्या दगडाला चिकटणाऱ्या, डंख मारणाऱ्या फुलासारख्या जिवाचं काय? आधी एक, मग सगळा दगड भरतो. वर्मेटिड गोगलगाय पण तसलीच, नळीतून चिकट जाळं सोडते आणि शेजारचं कोरल मिटून बसतं. इथं वाट बघण्यात काय शहाणपण आहे?

खडकातला_जीव
वाट बघा असं कुठं म्हणलो, ओळखा म्हणलो. अ‍ॅप्टेशिया ओळखला नाही आणि ब्लेडनं खरवडला तर त्याच्या तुकड्यांपासून नवे उगवतात, म्हणजे घाई केली की दुप्पट काम. ओळखला तर पेपरमिंट झिंगा ठेवता येतो, किंवा काल्कवासर (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) पावडरचा घट्ट लेप सिरिंजने थेट तोंडावर. वर्मेटिडची नळी मोडून भोकावर सुपरग्लू जेल. एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही, माझा सगळा मुद्दा तोच आहे.

गोदाकाठ_नांदेड
मधे बोलतो. सुट्टीत मालवणला चाललोय, किनाऱ्यावरचा दगड आणला तर लाइव्ह रॉकचा खर्च वाचेल का? आणि अ‍ॅस्टेरिना चांदणी ठेवू का काढू?

लातूरची_मत्स्यप्रेमी
दादा, दगडाला हात लावू नका. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि दगडी कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मधे आहेत. पैशाचा प्रश्न बाजूला ठेवा, तिथला दगड तिथंच शोभतो.

अ‍ॅस्टेरिना म्हणजे ती नखाएवढी, हात लहानमोठे असलेली. स्वतःचे तुकडे करून वाढते म्हणून हात सारखे नसतात. बहुतेक शेवाळच खाते. झोअँथिड (कोरलसारखेच, बटणासारखे दिसणारे जीव) खाते अशी तक्रार काही लोक करतात, तुमच्याकडं झोअँथिड असतील तर रात्री नजर ठेवा, नसतील तर राहू द्या.

बीडकर_रीफ
मी तर दिसेल ती काढतो, झोअँथिड महाग आहेत, नजर ठेवायला रात्रभर कोण जागणार. औषध नको हे मान्य, कॉपर टँकमधे कधीच नाही. पण नवीन कोरल आलं की डिप केल्याशिवाय (औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवल्याशिवाय) आत टाकत नाही, ते मी सोडणार नाही.

खडकातला_जीव
डिप कराच, मी पण करतो. फक्त डिपनं मोठे मरतात, अंडी वाचतात, म्हणून तुकड्याच्या बुडाला पांढरे पुंजके दिसतात का ते भिंगाने बघून खरवडा आणि काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवा. डिपचं पाणी फेकायच्या आधी पांढऱ्या ताटात ओता, काय काय पडलंय ते तिथंच दिसतं. आणि सिरोलॅनिडची शंका असेल तर रात्री बारक्या बाटलीत झिंग्याचा तुकडा घालून तळाशी आडवी ठेवा, तोंड अगदी अरुंद पाहिजे, मासा घुसू नये असं. पहाटे लाईट लागायच्या आधी काढा, आत जे सापडेल त्याचा वरून आणि बाजूनं असे दोन फोटो इथं टाका.